वजा न झालेले दिवस

कळंब तालुका,
संक्रांतीनंतरचा आठवडा, १९६२

प्रिय माय,

जयभीम. हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी सुचित्राबाईंना नमस्कार. सुचित्राबाई, तुम्ही तुरुंगातल्या बायकांना अक्षरं शिकवायला येता आणि फावल्या वेळात आमची पत्रं वाचून दाखवता, हे उपकारच आहेत. पण मागच्या पत्रातल्या दोन ओळी तुम्ही गाळल्यात असं माझ्या नवऱ्याकडून, श्रावणकडून कळलं. माय रडेल असं तुम्हाला वाटलं म्हणे. या वेळी काही गाळू नका. ती मधेच "पुढं वाच, पुढं वाच" करेल, तिचा तो स्वभावच आहे, बाळंतिणीलाही ती असंच घाई करते; तरी तुम्ही हळूच वाचा. तुमच्याआधी जेलरसाहेब वाचतात तेही मला माहीत आहे. खुशाल वाचू द्या. माझ्या मायच्या, मथुराबाईच्या घरात लपवून ठेवण्यासारखं एकच होतं, ते पोलिसांनी केव्हाच नेलं.

माय, शाळेतून मला रजा मिळाली. हेडमास्तर आधी कुरकुरले, मग माझ्या पोटाकडे बघून सही करून मोकळे झाले. आता दुपारभर मी अंगणात असते. तुराट्यांच्या कुडाला पाठ लावून, पाय उन्हात आणि डोकं सावलीत ठेवून बसते, आणि कधी डोळा लागतो ते समजतही नाही. गावात या वेळेला कोणी नसतं. सगळ्या बायका दुसऱ्या वेचणीला गेलेल्या. दूर वावरात कोणीतरी गाणं म्हणतं, मधेच थांबतं, आणि ते थांबलं की मी झोपलेली असते. स्वप्न रोज जवळजवळ सारखंच पडतं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला आहे आणि मधल्या वाटेनं तू येते आहेस. डोक्यावर पाटी, पाटीत तेलाची बाटली, जुनी लुगडी, हळदीची पुडी, सगळं तुझं बाळंतपणाचं सामान. तू हसत येतेस, पण वाट काही सरत नाही. मी म्हणते, माय, जरा भरभर चाल. तू म्हणतेस, चालतोच तं आहे ना. मग जाग येते आणि ऊन सरकून माझ्या गळ्यापर्यंत आलेलं असतं.

श्रावण म्हणतो, मला एवढी स्वप्नं पडतात ती लहानपणच्या अफूमुळे. चेष्टा करतो, पण खोटं काय आहे त्यात? मीही तुझ्याच डबीवर वाढले. वेचणीच्या दिवसांत फटफटायच्या आधी आपल्या दारात बायकांची रांग लागायची, ती आठवते मला. प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. तू चुलीजवळ बसून ती पितळेची डबी उघडायचीस, करंगळीच्या नखावर राईएवढा कण घ्यायचीस, आणि आधी लेकराचे डोळे, मग त्याचं पोट बघायचीस. ताप असेल तर नाही. खोकला असेल तर नाही. कोणी कितीही विनवलं तरी एका कणाचे दोन करायची नाहीस. आणि मग बांधावर मोहाच्या झाडांना झोळ्या लटकलेल्या, झोळीत लेकरं गाढ झोपलेली, आणि आया ओळीनं कापूस वेचत पुढे पुढे जाणाऱ्या. दुपारी सगळं शिवार झोपल्यागत वाटायचं. मला ते फार सुंदर वाटे. संध्याकाळी एखादं पोर जागं व्हायला उशीर करी, तेव्हा तू झोळीपाशी जाऊन बसायचीस आणि ते रडेपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाहीस. तो तुझा चेहरा तेव्हा मला कळला नव्हता, आता कळतो.

मास्तरीण झाल्यावर मी तुझ्याशी किती भांडले त्यावरून. हे विष आहे, डॉक्टर नाही म्हणतात, सरकारनं दुकानं बंद केली ती उगीच नाही. तू म्हणायचीस, सरकारनं दुकान बंद केलं, पण वेचणी बंद केली का? लेकरू रडलं की मुकादम बाईला घरी पाठवतो, मग ती खाईल काय? त्यावर मी नुसता आवाज चढवायची. दोघीही खऱ्या होतो, असं आज वाटतं. परवान्याचं दुकान होतं तोवर तुझी डबी कायद्यात होती. दुकान उठलं आणि तीच डबी, तोच कण, तीच तू, गुन्हेगार झालीस.

त्या बाजाराच्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. दिवाळी होऊन गेली होती. कळंबला चिंतामणीच्या देवळाच्या अलीकडे बाजार भरला होता, मी मिरच्या घेत होते आणि तू त्या फिरत्या माणसाशी बोलत होतीस, तो मसाले विकायचा आणि मसाल्याखाली दुसरं काही. शिट्टी वाजली. तो मसाल्याची गोणी टाकून असा पळाला की जणू जन्मभर त्याचीच तालीम केली होती. तू मात्र जागची हलली नाहीस. शिपायानं तुझ्या कमरेची डबी काढली आणि विचारलं, ही कोणाची? आजूबाजूच्या दहा बायकांनी तुला खुणावलं की सापडली म्हणून सांग. तू सांगितलंस, "माहीच हाय." खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही, माय. आपल्या सगळ्या पुढच्या भोगाचं मूळ तिथं आहे, आणि तरी त्याचा मला अभिमानच वाटतो.

उकंडामामा दुसऱ्याच दिवशी सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिला. जामीन मिळत होता. साहेब तयार होते. आणि तू हात जोडून नको म्हणालीस. त्या खोलीत तुला समजावणारं कोणी नव्हतं, नरहर वकील आपल्याला फार नंतर भेटले. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "जामीन कायले? आत्ताच बसून घेतो. तुया बायंतपनाच्या आंधी सारे दिवस सरतीन, मंग मी मोकयी." माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम सहा-सात महिने झाले होते, पोटात काही नव्हतं, आणि तू माझ्या बाळंतपणाचा बेत करून तुरुंगात गेलीस. मला हसू आलं होतं, रडूही. गावात येऊन सांगितलं तर सगळ्यांनी मान डोलावली. मथुरा शहाणी, म्हणाले. नांगरणीचं काम आधी उरकून ठेवावं तशी शिक्षा उरकून घेते आहे. आपल्याकडे सगळं असंच चालतं ना. जेवढं काम आधी केलं तेवढं नंतर कमी. सरकारचंही तसंच असणार, असं आपण सगळे धरून चाललो. मी शिकलेली, तरी मलाही दुसरं सुचलं नाही.

मग ते लांबच लांब वर्ष. डबीतलं काळं काय आहे ते तपासायला लांबच्या शहरात पाठवलं होतं, आणि त्याचा कागद यायचा होता. अगं, शेंबडं पोर सांगेल ते काय आहे. तूही सांगितलंस. पण कागद पाहिजे. कागद आला तरी तो पळालेला मसालेवाला सापडायला पाहिजे, कारण खटला दोघांवर. तो सापडेना. दर तारखेला मी आणि श्रावण पहाटेच्या मोटारीनं यवतमाळला यायचो, तू दोन शिपाईबायकांच्या मधून हसत यायचीस, सरकारी वकील उठून पुढची तारीख मागायचे, आणि तू पुन्हा हसत परत जायचीस. माय, तू प्रत्येक तारखेला खूश व्हायचीस, हे मला आठवलं की अजून गलबलून येतं. जितकं लांबतंय तितकं वजा होतंय, असा तुझा हिशेब. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, मला दिवस गेले. ते मी तुला कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितलं तेव्हा तू शिपाईबाईचाच हात धरून नाचायला लागलीस. ती बिचारी कावरीबावरी झाली होती. त्या दिवशी परत येताना मोटारीत मी पूर्ण वाट झोपले आणि बाभळीच्या काट्यांवर चिमण्या बसल्यात, त्या सगळ्या तुझ्या आवाजात बोलताहेत, असं काहीतरी पाहिलं.

शेवटी कागद आला, आणि त्या माणसाला वगळून तुझा एकटीचाच निकाल लागला. त्याचं तुला माहीतच आहे, पण तुला समजलं होतं का, ते मला अजून नक्की माहीत नाही, म्हणून नरहर वकिलांनी मला सांगितलं ते लिहिते. मॅजिस्ट्रेटसाहेब माणूस म्हणून चांगले. त्यांनी सांगितलं की खटला फार रखडला, यात बाईचा दोष नाही, म्हणून मी शिक्षा कमी देतो. सहा महिने. आपण सगळे मनात म्हणालो, म्हणजे संपलंच, वर्षाच्या वर तर बसली आहे. मी तर तुझं लुगडं सोबत आणलं होतं, घरी जाताना नेसायला. आणि मग त्यांनी म्हटलं, आजपासून. वकील म्हणतात, निकालाच्या आधीची ती कच्ची कैद. ती शिक्षेत धरावी असा कायदाच नाही. साहेबांना वाटलं तर ते शिक्षा हलकी करतात, तेवढी त्यांनी केली. चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस मिळतात तेही पक्क्या कैद्याला. तू वर्षभर कितीही चांगली वागलीस तरी तुझ्या नावावर काही जमा झालं नाही. तू कठड्याला धरून उभी होतीस. तू त्यांना शांतपणे विचारलंस, "मंग आतापावेतोचं बसनं कोनाच्या नावावर गेलं?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. पहिल्याच महिन्यात निकाल लागला असता आणि याच्या दुप्पट शिक्षा झाली असती, तरी तू आज माझ्याजवळ, या कुडापाशी बसलेली असतीस.

आता सुट्टीचं. लांब शिक्षेच्या कैद्यांना अधूनमधून घरी जायला रजा मिळते. तुझी शिक्षा दया करून इतकी आखूड केली की त्या रजेत तू बसतच नाहीस. राहिला पॅरोल. तो अडीअडचणीला मिळतो. जवळच्या माणसाचं मरण, नाहीतर मरणाचं दुखणं. आपण पहिला अर्ज केला की लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, आई सुईण आहे, तिला चार दिवस सोडा. तो परत आला. वर शेरा होता की बाळंतपण हा आजार नाही. श्रावणनं तो मला वाचून दाखवला तेव्हा मी इतकी हसले की बाळानं आतून लाथ मारली. साहेब लोकांना कोण सांगणार, ज्यांनी हे लिहिलं त्यांनाही कोणीतरी असंच वेदना सोसून जन्माला घातलं असेल.

म्हणून वकिलांनी दुसरा अर्ज तयार केला. त्यात लिहिलं आहे की मुलगी अत्यवस्थ असून तिच्या जिवाला धोका आहे. सोबत यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला. आणि तू अंगठा दिला नाहीस. सुचित्राबाईंनी तीनदा वाचून दाखवला, जेलरसाहेबांनी स्वतः समजावलं, तरी नाही. श्रावणनं येऊन सांगितलं तुझं बोलणं, जसंच्या तसं: "पोटुशी बाईच्या नावानं मरन बोलू नये. मी अंगठा देत नाही." मला राग आला, माय. खूप राग आला. नागपूरला जाऊन दीक्षा घेतलीस, पांढरं लुगडं नेसून आलीस, घरातले सगळे देव आपल्या हातानं नदीत सोडलेस, आणि शकुन-अपशकुन मात्र पदरात बांधून ठेवलेस. पण मग विचार केला की हा शकुन नाही, हे तुझ्या हाताचं वळण आहे. इतकी बाळंतपणं केलीस, कितीतरी वेळा आत काय चाललंय ते तुला दिसलं असेल, पण बाईच्या कानावर तू कधी वाईट शब्द पडू दिला नाहीस. तोंडानं हसायचं आणि हातानं झुंजायचं, हे तुझं शास्त्र. ते तू माझ्यासाठी कसं मोडशील?

तरी एक विचारते. आजीची चार लेकरं गेल्यावर मामा झाला, तेव्हा त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि नाव उकंडा ठेवलं. म्हणजे हे टाकलेलं पोर आहे, याच्याकडे मरणानं बघू नये. ते कोणी केलं? तुझ्याच आजीनं, आणि तीही सुईणच होती. वाईट बोलून त्याला वाचवलं ना तुम्ही? आज साठीला आला तरी ठणठणीत आहे आणि माझ्या वाटणीचा हुरडासुद्धा खाऊन जातो. मग माझ्यासाठी एक वाईट ओळ कागदावर पडली तर काय बिघडलं? हे मी मामालाही सांगितलं. तो पटकन उठून बाहेर गेला आणि बराच वेळ बैलांशी काहीतरी करत राहिला.

बाकी खुशाली म्हणशील तर श्रावण मला पाण्याचा हंडा उचलू देत नाही. भाकरीसुद्धा तोच थापतो, नकाशात नसलेले देश थापतो, पण आम्ही खातो. तांड्यावरची सुईण सोनीबाई एक दिवसाआड येते. तू नाहीस म्हणून आता आसपासच्या गावांत तीच सगळीकडे जाते, आणि तुझं नाव काढल्याशिवाय कामाला हात लावत नाही. पहिल्यांदा आली तेव्हा किती बडबडली, तुम्ही दोघींनी मिळून कोणाकोणाला सोडवलं त्याच्या गोष्टी सांगितल्या. मग दोन्ही तळवे पोटावर ठेवले आणि गप्प झाली. पुढच्या खेपेला तेल लावून पुन्हा बघितलं. तेव्हाही गप्प. जाताना मला म्हणाली, पोरगी झोपाळू होणार. ती हसत होती, माय. तुझ्यासारखीच हसत होती, आणि मी तर तुझ्या घरात वाढलेली. सुईण कधी हसते ते मला कळतं.

म्हणून आता लिहिते, आणि हे सांगायलाच पत्र घेतलं आहे. अर्जाच्या आधीच्या भेटीला श्रावण तुला म्हणाला की कौसी बरी आहे. ते मी त्याला शपथ घालून म्हणायला लावलं होतं. आत बसून तू काही करू शकत नाहीस, मग तुझी झोप कशाला उडवायची, असं मला वाटलं. तू त्याच्या तोंडावर विश्वास ठेवलास, आणि नंतर अर्ज ऐकलास तेव्हा तो तुला वकिलाचा बनाव वाटला. साहजिक आहे. तू खरं बोलणारी बाई, खोट्या कागदाला अंगठा कशी देशील? पण माय, कागद खरा आहे, श्रावण खोटं बोलला. बाळ आडवं आहे. सोनीबाईनं दोनदा प्रयत्न केला, ते वळत नाही. ती रडत म्हणाली, "इथं मथुरेचाच हात पाह्यजे." पायांवर सूज आहे, डोळ्यांपुढे मधूनच पांढरं होतं, आणि मी दुपारभर झोपते ती काही अफूमुळे नाही. डॉक्टरीणबाईंनी तो दाखला मागितल्याशिवाय लिहून दिला. त्या म्हणतात, लगेच दवाखान्यात येऊन पडा, कदाचित पोट उघडावं लागेल, आणि तरीही दोघांचं सांगता येत नाही. परवा मामा मला गाडीतून यवतमाळला आणतो आहे. दवाखान्यापासून तुझा तुरुंग दूर नाही म्हणे. तू माझ्या नावानं मरण बोलू नकोस, ते डॉक्टरीणबाई बोलून चुकल्या आहेत. तू नुसता अंगठा दे. मी तुला आजवर सगळं शहाण्यासारखं लिहिलं, धीराचं लिहिलं. आता शहाणपण पुरे झालं. मला फार भीती वाटते, माय. ये.

तुझीच,
तुझ्याच हातात जन्मलेली
कौसी